खालच्या उताराच्या नळ्या

अरुण, खालच्या उतारावरच्या नळ्या बदलून झाल्या. एकशे अठरा झाडं, एकशे अठरा नळ्या. जुनी एकही ठेवली नाही. हे आधी सांगून टाकते, नाहीतर बाकीचं ऐकताना तुझा जीव तिकडेच लागून राहील.

मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर काही लिहून द्या, असा सुषमाला निरोप आला. ती म्हणाली, "आई, माझ्याच्यानं होणार नाही. तू लिही." माझी शाळा चौथीपर्यंत. पण लिहायला लागतं तेवढं त्या चार वर्षांत शिकवून झालं होतं. तुझं शिक्षण, तुझ्या नोकऱ्या, न्यू जर्सीत असताना तू बसवलेले गणपती, हे सगळं तुझ्या शोकसभेत लोकांनी हॉलमध्ये उभं राहून सांगितलं. त्यातलं अर्धं मला नवीन होतं. माझ्याकडं त्यातलं काही नाही. माझ्याकडं आहेत त्या नळ्या.

तुला 'तू' म्हणते आहे, वाचणाऱ्यांनी नाक मुरडू नये. हा माझा जावई होता, पण त्याच्या आधी माझा भाचा होता, नणंदेचा मुलगा. पाच वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याला 'अरुण्या' म्हणत आले. साखरपुडा झाला आणि सासूबाईंनी मला आत बोलावून बजावलं, आजपासून अहो-जाहो करायचं, जावई झाला आता. मी केलं. चारचौघांत 'अरुणराव, पाणी घ्या' म्हणायचे. तू म्हणालास, "मामी, तू मला अहो म्हणतेस तेव्हा माझ्या मागं कोण उभं आहे ते बघावंसं वाटतं." मग आपलं ठरलं. लोकांत अहो, रानात अरे. आता तू रानातच आहेस असं धरून लिहिते.

दिवाळीच्या सुट्टीत तू आमच्याकडं यायचास. तुझा मामा गुळव्या होता. गुऱ्हाळावर काहिलीतला रस कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस तो. रस दाटत आला, गूळ व्हायच्या जरा आधी, की त्याची काकवी होते. तू वाटी घेऊन चुलवाणापाशी बसायचास आणि थंड व्हायच्या आत तोंडाला लावायचास. दरवर्षी जीभ भाजायची. दरवर्षी मी म्हणायचे, "भाज अजून, अक्कल येत नाही तोवर भाज." अक्कल आली नाही. तू इंजिनिअर झालास, अमेरिकेला गेलास, माझी मुलगी घेऊन गेलास.

मग एक दिवस गावाकडं फोन आला. तुम्ही न्यू जर्सीहून इकडं व्हरमॉन्टला फिरायला आला होता. तू ओरडून बोलत होतास.

"मामी, इथं झाडातनं काकवी काढतात!"

मी म्हटलं, "दुपारीच घेतलीस होय?"

"खरंच सांगतो. मेपलचं झाड असतं. त्याला भोक पाडतात, पाणी गळतं, ते पाणी काहिलीत आटवतात. वास अगदी आपल्या गुऱ्हाळाचा. सुषमाला विचार."

सुषमानं फोन घेतला आणि म्हणाली, "आई, हा त्या शेडमध्ये अर्धा तास रडत उभा होता. मला लाज वाटली."

चार वर्षांनी तू ते रानच घेतलंस. तुझ्या बरोबरीचे लोक फ्रिस्को, चँडलर असल्या शहरांत मोठी घरं घेत होते, बदल्या मागत होते. तू डोंगराच्या उतारावरची मेपलची झाडं घेतलीस आणि घरून काम करायची परवानगी काढलीस. सुषमा महिनाभर तुझ्याशी धड बोलली नाही. इथं भारतीय किराणा आणायला दोन तास गाडी चालवावी लागते, हे ती मला अजून ऐकवते.

तुझा मामा गेल्यावर तू मला इकडं आणलंस. लेकीच्या घरी कायमचं राहायचं म्हणजे माझ्या मनाला बोचत होतं. ते तुला कळलं असावं, कारण बाकीचे सगळे 'आता तुम्ही आराम करा' म्हणत होते आणि तू दुसऱ्याच दिवशी मला गॅरेजमध्ये नेऊन निळ्या नळीचं भेंडोळं माझ्यापुढं टाकलंस. म्हणालास, "मामी, तीस इंचाचे तुकडे पाहिजेत." मी म्हटलं मला इंच कळत नाहीत. एक हात, एक वीत आणि चार बोटं धरून मी नळी कापली. तू टेप लावून बघितलंस. अर्ध्या बोटाचाही फरक नव्हता. "कंपनीवाले इतकं बरोबर कापत नाहीत," म्हणालास. या देशात मला बसून राहा असं न म्हणणारा तू एकटाच निघालास. त्याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. झाडाला बोटाएवढं भोक पाडून त्यात तोटी ठोकतात. तोटीला हातभराहून लांब नळी लोंबते. तिला वॉल्टर 'ड्रॉप' म्हणतो, मी शेपटी म्हणते. अशा सगळ्या शेपट्या झाडाझाडांतून ताणलेल्या लांब नळीला जोडलेल्या असतात, आणि ती नळी उतारानं खाली टाकीपर्यंत जाते. रात्री गोठलं आणि दिवसा ऊन पडलं की झाडातलं पाणी चालू होतं. हे फेब्रुवारीअखेर ते एप्रिल एवढंच. वॉल्टर म्हणजे आपला शेजारी, ऐंशीचा म्हातारा. पाणी आटवायची शेड त्याची. 'मामी' हे माझं नावच आहे असं तो समजतो, आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठा असून मला मामी म्हणतो.

आता आपलं भांडण.

तुझं म्हणणं, शेपट्या पाच वर्षांनी टाकून द्यायच्या, नव्या लावायच्या. माझं म्हणणं, धुतलं की झालं. सात वर्षं हे चाललं होतं. तू मला आतली काळपट बुरशी दाखवायचास. मी म्हणायचे, "पाणी नंतर उकळतंच ना? मग जंतू कुठं उरतात?"

"मामी, काकवीची भीती नाही. जंतू झाडाच्या भोकात शिरतात. झाडाला वाटतं जखम चिघळली, ते भोक बुजवून टाकतं. पाणी थांबतं."

"मग चांगलं धू. धुवायला येत नाही म्हणून टाकून द्यायचं, ही इथली खोड तुलाही लागली."

"धुऊन निघत नाही ते, नळीच्या अंगात बसतं."

"आमच्या काहिली तीस वर्षं चालल्या."

"काहील तांब्याची होती मामी, ही प्लॅस्टिकची आहे!"

सुषमा वरून ओरडायची, "अरे, तुम्ही दोघं जरा हळू भांडा, माझी मीटिंग चालू आहे."

गेल्या एप्रिलमध्ये हंगाम संपला. वरच्या उताराच्या शेपट्या दोन वर्षांपूर्वीच्या होत्या, त्या ठीक होत्या. खालच्या उताराच्या सात वर्षांच्या. त्या सोडवून तू गॅरेजमध्ये आणल्यास आणि म्हणालास, या गेल्या. मी म्हटलं, "एकदा माझ्या हातात दे. मला जमलं नाही तर फेक." तू हसलास. "दिल्या. पण फक्त गरम पाण्यानं धुवायच्या. साबण नाही, दुसरं काही नाही." हे तू बोटांवर मोजून सांगितलंस. मी मान हलवली.

पहिला दिवस मी गरम पाण्यानंच धुतल्या. दुसऱ्या दिवशीही. आतला काळा पट्टा हलेना. आंबूस वास जाईना. मला हार मानायची नव्हती. धुण्याच्या खोलीत कपड्यांच्या ब्लीचचा मोठा कॅन होता. तिसऱ्या दिवशी तू ऑफिसच्या कामाला खोलीत बसलास तेव्हा मी तो गॅरेजमध्ये आणला, टबात ओतला आणि सगळ्या शेपट्या त्यात बुडवल्या. संध्याकाळपर्यंत काचेसारख्या झाल्या. मग वास जाईतोवर पाण्यातून काढल्या, दोरीवर वाळत घातल्या, आणि तुला हाक मारली.

तू एक नळी उजेडाकडं धरून आरपार बघितलीस. "मामी! या नव्यासारख्या झाल्या. काय लावलंस?"

मी म्हटलं, "गरम पाणी आणि हात."

"हरलो," तू म्हणालास. नवीन मागवायच्या होत्या त्या मागवल्या नाहीस. मे महिन्यात त्याच शेपट्या परत झाडांवर लावल्यास. वॉल्टरला नेऊन दाखवल्यास. तुमची लेक ईशा कॉलेजातून आली तेव्हा तिलाही सांगितलंस की आजीनं बघ काय केलंय. मला बरं वाटत होतं. खोटं बोलून बरं वाटतं हे या वयात पहिल्यांदा कळलं.

ऑक्टोबरात पानं गळल्यावर तू लाइन बघायला गेलास आणि तोंड पाडून आलास. खालच्या उतारावर खारींनी नळ्या कुरतडल्या होत्या. कुठं भोक, कुठं निम्मी खाल्लेली, कुठं नुसता तोटीचा तुकडा. वरच्या उताराला एक दात लागलेला नव्हता. तू वॉल्टरला बोलावलंस. मीही खाली आले होते. वॉल्टरनं कुरतडलेली शेपटी हातात घेतली, हुंगली, जिभेनं चाटली आणि तुला काहीतरी विचारलं. त्यातला एकच शब्द मला कळला. ब्लीच.

तू हसून म्हणालास, "नो, नो. ओन्ली हॉट वॉटर." आणि माझ्याकडं बोट केलंस. "मामी."

वॉल्टरनं खांदे उडवले आणि गेला.

वर येताना मी तुला विचारलं, तो काय म्हणत होता. तू म्हणालास, "म्हणतो, ब्लीचनं धुतलं की कितीही विसळा, आत थोडं मीठ राहतं. खारींना मिठाची चटक. त्या नळ्या शोधून काढून खातात. मी सांगितलं, आमच्या मामीनं हातानं धुतल्यात."

त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं. वाट चढाची होती, तू माझ्या एक पाऊल मागं होतास, माझा पाय घसरला तर धरायला. सांगायला चार शब्द लागले असते. मी म्हटलं, "खारी मेल्या, त्यांना काय कळतंय." बस, एवढंच म्हटलं. हे म्हणताना तू माझ्याकडं बघितलंस का? मला ठाऊक नाही. मी वाटेकडं बघत होते.

त्यानंतर सहा शनिवार तू खालच्या उतारावर गेलास. कुरतडलेला भाग कापायचा, मधे जोड घालायचा. नळी थंडीत ताठ होते, तिचं टोक गरम पाण्यात बुडवल्याशिवाय जोडावर चढत नाही. म्हणून तू गरम पाण्याचा थर्मास घेऊन जायचास. थर्मास मी भरून द्यायचे, दर शनिवारी. "नवीन का लावत नाहीस?" असं मी एकदा विचारलं. तू म्हणालास, "इतक्या छान धुतल्यास, टाकवत नाहीत." मी झाकण घट्ट लावून थर्मास तुझ्या हातात दिला.

सहाव्या शनिवारी तू वर आलास, गॅरेजच्या पायरीवर बूट काढायला बसलास. एक बूट काढलास. दुसऱ्याला हात घातलास आणि तसाच बाजूला कलंडलास. बाकीचं सुषमाला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नसा बऱ्याच वर्षांपासून बंद होत आल्या होत्या, जिना चढताना झालं असतं, झोपेत झालं असतं. सुषमानं मला हे दोनदा मराठीत सांगितलं. मी दोन्ही वेळा ऐकलं. पण जिना चढताना झालं नाही. खालचा उतार चढून आल्यावर झालं.

अकराव्या दिवशी दारात दोन खोकी येऊन पडली. ईशानं कापून बघितली. निळ्या नळीची भेंडोळी, नव्या तोट्या, जोड. पावती वाचून ती म्हणाली, "आजी, बाबांनी ऑर्डर केलंय. थर्सडेला." तू गेलास त्याच्या दोन दिवस आधी.

घरभर पाहुणे होते. मी खोकी गॅरेजमध्ये ठेवायला सांगितली आणि भाकरी थापायला गेले. हात चालू ठेवले. पण डोक्यात तेच. नुसती दुरुस्ती करून थकलास म्हणून मागवलंस? का तुला कळलं होतं, आणि कळून मला बोलला नाहीस? तू गुरुवारी रात्रीच्या जेवणाला माझ्यासमोर बसला होतास. आमटी दोनदा मागून घेतलीस. बोलायला वेळ होता. तू बोलला नाहीस, मीही बोलले नाही. या प्रश्नाचं उत्तर मला मिळणार नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडचं उत्तर मला चालणार नाही.

जानेवारीत सुषमानं ठरवलं की झाडं वॉल्टरच्या मुलाला चालवायला द्यायची आणि ती खोकी परत पाठवायची. सकाळची वेळ, ती स्वयंपाकघरात चहा घेत होती. मी म्हटलं, खोकी पाठवू नकोस. खालच्या उताराच्या नळ्या बदलायच्या आहेत.

"का? तूच तर म्हणायचीस, धुऊन वापरा. सात वर्षं त्याचं डोकं खाल्लंस. आता तो नाही तर नवीन पाहिजेत?"

हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं, दमून म्हटलं होतं. पण आता मला दुसरी वाट राहिली नाही. मी तिला सगळं सांगितलं. ब्लीचचा कॅन कुठून घेतला इथपासून वॉल्टरनं चाटून बघितलं इथपर्यंत. वाटेवर गप्प राहिले तेही सांगितलं. थर्मासचंही.

तिनं कप खाली ठेवला. "सहा शनिवार, आई," ती म्हणाली. मग वर गेली आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस आम्ही एका घरात राहून 'जेवण झाकून ठेवलंय' एवढंच बोललो. ईशा मधे पडायला बघत होती. "आजी, यू डिडन्ट किल हिम, ओके?" असं मला येऊन म्हणाली. मी तिला म्हटलं, "मी तसं कुठं म्हटलंय? मी म्हणते मी खोटं बोलले. ते तर बोलले ना?" तिचा हात नाकाकडं गेला. तुझी मुलगी आहे, वाद हरल्यावर नाक खाजवते.

मी गॅरेजमध्ये जाऊन बसले. नळी कापायला लागले. एक हात, एक वीत, चार बोटं. एका टोकाला तोटी, दुसऱ्या टोकाला जोड. शेजारी थर्मास. टोक गरम पाण्यात बुडवायचं, मनात दहा मोजायचे, आणि दाबून बसवायचं. तू पहिल्यांदा शिकवलंस तेव्हा माझी बोटं भाजली होती आणि तू म्हणालास, "भाज अजून, अक्कल येत नाही तोवर भाज." बरीच वर्षं मनात ठेवून तू ते उट्टं फेडलंस. मी तेव्हा तुला थर्मासचं झाकण फेकून मारलं. आता बोटांना भाजलेलं फारसं कळत नाही. वय झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुषमा खाली आली. माझ्यासमोर तुझी खुर्ची होती, तिच्यावर बसली. हात खिशात. नजर माझ्या हातांवर. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाले तेच खरं आहे, मला माहीत आहे. पण मला दोन दिवस तुझा राग करायचा होता."

मी म्हटलं, "कर अजून. मी कुठं जात नाही."

"त्याला कळलं होतं का गं?"

"मला माहीत नाही."

"मला काही बोलला नाही तो."

"मलाही नाही."

ती रडली नाही, मीही नाही. तिनं कातर उचलली आणि भेंडोळं ओढून घेतलं. "तीस इंच म्हणजे किती ते दाखव."

मी हात लांब केला. तिचा हात माझ्यापेक्षा लांब आहे, तिला एक हात, एक वीत आणि दोनच बोटं पुरली. सगळ्या शेपट्या आम्ही दोघींनी आठ दिवसांत केल्या. कामावरची तिची माणसं फोनवर बोलत असायची आणि ही कानात फोनची बोंडं घालून नळ्या कापत असायची. एकदा फोनवर तिला कुणीतरी विचारलं, मागं कसला आवाज येतोय. ती म्हणाली, "फॅमिली बिझनेस." त्या दिवशी मी तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा हसले. लिहून ठेवते, तुला तारीख-वार कधी लक्षात राहत नाहीत.

जुन्या शेपट्या ईशा आणि वॉल्टरनं उतरवल्या. पोतं भरलं. मी वॉल्टरकडं गेले आणि ईशाला म्हटलं, त्याला सांग, मी ब्लीच लावलं होतं. तिनं सांगितलं. म्हाताऱ्यानं टोपी मागं सारली. मग बरंच काही बोलला. ईशा म्हणाली, "आजी, तो म्हणतो त्यानंही एकदा केलं होतं. तरुण असताना. बायकोनं सांगितलं होतं करू नको, म्हणून मुद्दाम केलं."

"मग बायकोला सांगितलं का त्यानं?"

ईशानं विचारलं. वॉल्टरनं मान हलवली. नाही. मग तो पोतं उचलून गाडीत टाकायला गेला. पोतं जड नव्हतं, पण तो ते टाकून लगेच परत आला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी पाणी चालू व्हायची हवा आली. बर्फ वरून मऊ, आत कडक. ईशानं दोन दिवस कॉलेज बुडवलं. वॉल्टरनं भोकं पाडली, तिनं तोट्या ठोकल्या. तू म्हणायचास, ठोकताना आवाज बदलला की थांबायचं, नाहीतर झाड चिरतं. ती प्रत्येक तोटीला थांबून ऐकत होती. सुषमानं लांब नळी वरपासून खालपर्यंत बघितली, कुठं झोळ पडलाय का. मला कुणी उतारावर जाऊ देईना. म्हणून मी खाली टाकीपाशी जाऊन उभी राहिले, जिथं खालच्या उताराची नळी येते. ती जागा मला पाहिजेच होती.

अकरा वाजेपर्यंत काही नाही. ऊन झाडांच्या बुंध्याला लागलं. नळीत आधी बुडबुडे आले, एक पुढं, एक मागं, रांगेत चालल्यासारखे. मग पाणी आलं. स्वच्छ, नळाच्या पाण्यासारखं. त्यात गोडी अशी की जिभेला शोधावी लागते. तू पहिल्यांदा ते मला चाखायला दिलंस तेव्हा मी म्हटलं होतं, "याला तू काकवी म्हणतोस? यात कुणीतरी गुळाचा खडा दाखवून काढून घेतलाय."

मी नळी टाकीच्या तोंडाला लावायला गेले तर वॉल्टर वरून ओरडला, "नॉट येट, मामी!" आणि हातानं खूण केली, खाली सोड, जमिनीवर. ईशा ओरडली, "आजी, पहिलं पाणी वाया घालवायचं! पाइप धुऊन निघतो त्यानं!"

हे मला माहीत होतं. तू दरवर्षी करायचास. पण तू टाकीपाशी असायचास आणि मी गॅरेजमध्ये, म्हणून कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं.

मी नळी खाली धरली. पाणी बर्फावर पडायला लागलं. बर्फाला भोक पडलं, भोक मोठं झालं, खाली काळी माती दिसली. आपल्याकडं माणूस गेल्यावर पाणी देतात, ते भटजींनी सांगितलं तसं ईशानं केलं होतं, तेव्हाच. हे त्यातलं नव्हतं. हे धुणं होतं. वॉल्टर पुरे म्हणेपर्यंत धरून ठेवायचं होतं, मी धरून ठेवली. बोटं बधिर झाली तेव्हा दुसऱ्या हातात घेतली.

तर अरुण, नळ्या धुवायला काय लागतं ते मी शेवटी बघितलं. ब्लीच लागत नाही. माझे हातही लागत नाहीत. झाडाचं पहिलं पाणी सोडून द्यायचं, एवढंच. पुरे म्हणून हाक आली, तेव्हा मी नळी टाकीला लावली, आणि वर बघून ओरडले, "चालू झालं!" खालच्या उताराचं पाणी टाकीत पडत होतं. तिघंही वरून बघत होती. एकही खार दिसत नव्हती.